ताण्याचं माहेर

आमची गल्ली गावाच्या सगळ्यात खाली आहे. पुढून वैनगंगा, मागून नाला आणि मध्ये आम्ही. बाहेरगावचा पाहुणा आला की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: इतक्या खाली कशाला राहता? जसे काही चढावरचे बंगले रिकामे पडले होते आणि आम्ही हौसेने इथे उतरलो. पूर्वी मी नीट उत्तर द्यायचे. आता चहा देते.

उत्तर साधं आहे. आम्ही विणकर, आणि विणकराला ओल लागते. कोरड्या हवेत बारीक सूत तटातट तुटतं, उन्हाळ्यात तर गाठी मारता मारता बोटं दुखतात. म्हणून आमच्याकडे माग जमिनीवर नसतो, खड्ड्यात असतो. घरातल्या जमिनीत मांड्यांइतका खोल खड्डा, त्याच्या काठावर बसायचं, पाय आत सोडायचे, खालच्या पावड्या पायांनी दाबायच्या आणि वर हातांनी धोटा फेकायचा. खड्ड्यातली ओल वर ताण्याला, म्हणजे मागावर ताणलेल्या उभ्या धाग्यांना मिळते, सूत नरम राहतं. ज्या ओलीसाठी पूर्वज इथे बसले तीच ओल पावसाळ्यात कधी कधी डोक्यावरून जायला बघते. दोन्ही एकाच नदीकडून येतं, तक्रार कुणाकडे करणार?

मी सासरी आले तेव्हा बारावी झालेली होते. सासूने माझी पुस्तकं फळीवर ठेवली आणि मला खड्ड्यात बसवलं. मी पहिले काही महिने रडले, आणि मग एक दिवस माझ्या लक्षात आलं की मला हे आवडतं. पातळाच्या काठावर करवतीचे दात एकेक करून उमटत जातात, आपल्या हातून उमटतात, आणि घरातलं कोणी त्या वेळात हाक मारत नाही, कारण विणणाऱ्या बाईला हाक मारायची नाही असा आमच्याकडे नियम आहे. मला वाटतं घरातल्या सुनांना तेवढंच मोकळं मिळावं म्हणूनच कुण्या शहाण्या बाईने तो नियम केला असावा.

आता नवऱ्याबद्दल. तोंडावर मी त्याला 'तुमी' आणि 'जी' म्हणते. कागदावर 'तो' म्हणणार आहे. कागद माझा आहे.

त्याला माग कधीच आवडला नाही. बापाने बसवला म्हणून बसला, कंबर गेली तेव्हा उठला, आणि उठल्याचा त्याला आनंदच झाला. मग तो मला धोट्यातल्या कांड्या सुताने भरून द्यायचा, ताणा ओढायला हात लावायचा, आणि दर दिवाळीला एकदा तरी म्हणायचा, "आता किती दिवस हे करत बसशीन?" मी म्हणायचे, "हात चालते तवापर्यंत." तो हसायचा. मी समजायचे की हे आमचं नवरा-बायकोचं बोलणं आहे.

पुराची तयारी आमच्याकडे मृग लागला की सुरू होते. तांदळाची कोठी माळ्यावर चढते. सिलिंडर ओट्यावर, अंथरुणं पेटीत, पेटी पलंगावर आणि पलंग विटांवर. मोटारसायकल असलेल्यांचा आठवडा वाद घालण्यात जातो की ती कुणाच्या अंगणात लावायची. मागाचं मात्र सगळं ठरलेलं असतं. आमच्या मागात खिळा नाही. सगळी लाकडं एकमेकांत पाचरींनी बसवलेली असतात, म्हणजे पाणी आलं की पाचर ठोकून काढली, लाकूड सुटलं. कुठली पाचर कुठल्या भोकाची, हे कळावं म्हणून दोन्हींवर कुंकवाचे सारखे ठिपके दिलेले असतात. लाकडं माळ्याला बांधून ठेवायची. भिजली तरी वाळतात.

ताणा वाळत नाही. म्हणजे वाळतो, पण मग तो ताणा राहत नाही. खळ लावून, उन्हात ओढून, एकेक धागा फणीतून काढून, रुळावर गुंडाळलेला ताणा म्हणजे पुढच्या कितीतरी महिन्यांचं काम असतं. त्याला गाळाचं पाणी लागलं की खळ सुटते, धाग्याला धागा चिकटतो, काठाचं रेशीम सुताला रंग लावतं. माळ्यावर तो ठेवता येत नाही, तिथे कौलांतून गळतं आणि उंदीर असतात. त्याला कोरडी, रुंद खोली पाहिजे. ती खालच्या गल्लीत कुणाकडे नव्हती आणि नाही.

म्हणून आमच्याकडे ताण्याला माहेर असतं.

खालच्या गल्लीतल्या प्रत्येक मागाचं चढावर एक घर ठरलेलं असतं. मागावर बसणारी बाई त्या घरच्या माणसाला राखी बांधते. नदी चढली की तो भाऊ स्वतः खाली येतो, दारात उभा राहून म्हणतो, "चला बाई, ताणा न्याले आलो," आणि रुळाचं पुढचं टोक आधी तो उचलतो, मग घरचे बाकीचं. वर नेल्यावर त्याची बायको रुळाला कुंकू लावते. पाणी उतरलं की तांदळाची मूठ टाकून ताणा परत पाठवतात. आणि यातली मुख्य गोष्ट अशी की तो न्यायला आल्याशिवाय अर्धा विणलेला ताणा उंबऱ्याबाहेर काढायचा नाही. पोटुशी बाई काय आपणच पिशवी घेऊन माहेरी जाऊन उभी राहते? माहेरचं माणूस आणायला येतं. तसंच हे. माझ्या सासूने तिच्या सगळ्या पुरांत हे पाळलं आणि तिचा एकही ताणा भिजला नाही, कारण वरच्या घरातून बघितलं की नदीही दिसते आणि नालाही, आणि वरचा माणूस आमच्या आधी पाणी ओळखतो. खालच्यांनी बघत बसावं म्हणून ही पद्धत नव्हती. वरच्यांनी बघावं म्हणून होती.

माझ्या ताण्याचं माहेर चौकातल्या कापड-दुकानदाराचं घर. त्याच्या वडिलांना माझी सासू राखी बांधायची, त्याला मी. आमची पातळंही त्याच्याच दुकानात विकायला जायची. स्वभावाने गोड, हात जोडून बोलणारा, कधी आवाज चढवलेला नाही. त्याने चढावर स्लॅबचं घर बांधलं तेव्हा वरच्या मजल्यावर एक मोठा हॉल काढला आणि वास्तुशांतीला सगळ्यांसमोर मला म्हणाला, "बाई, हा हॉल तुझ्या ताण्यासाठीच काढला समज." मी घरी येऊन हे नवऱ्याला सांगितलं, मुलीला सांगितलं, गल्लीत तर सगळ्यांनाच सांगितलं. लोक शेवटी माझी थट्टा करायला लागले की हिच्या ताण्याचं माहेर डबल मजली आहे.

मधल्या काळात त्याच्या दुकानात मशीनच्या साड्या यायला लागल्या. काठ आमच्यासारखाच, करवतीच्या दातांचा, पण विणलेला बाहेरच्या कारखान्यात. मी एकदा विचारलं तेव्हा म्हणाला, "ते गिऱ्हाईक येगळं हाय बाई, तुझं गिऱ्हाईक येगळं." मला पटलं. गोड माणसाचं बोलणं पटायला वेळ लागत नाही.

त्या वर्षी राखी होऊन पंधरवडा झाला नव्हता. पोळा तोंडावर आला होता. राखी बांधताना त्याने नेहमीप्रमाणे विचारलं, "मागावर काय हाय?" मी सांगितलं: सुती अंग, रेशमी काठ, दिवाळीची पातळं. लांब ताणा होता, इतका लांब मी कधी लावला नव्हता. गल्लीत तेव्हा तीनच माग चालू उरले होते आणि मी मनाशी ठरवलं होतं की हा ताणा उतरला की दुसरा लगेच लावायचा, खंड पडू द्यायचा नाही. माग एकदा थांबला की पुन्हा सुरू होत नाही, हे मी शेजारच्या घरांत पाहिलं होतं. तो म्हणाला, "पाण्यापावसाची फिकर नोको करू. मी हाओ ना."

वरच्या अंगाला खूप पाऊस झाला होता, आमच्याकडे मात्र उघाड पडली होती. चांगलं लख्ख ऊन होतं. लाऊडस्पीकर लावलेला ऑटो नदीकाठच्यांनी सावध राहावं असं सांगत फिरत होता, पण तो ऑटो थेंब पडला तरी तेच सांगतो, त्यामुळे त्याच्याकडे बघून कुणी जेवण थांबवत नाही. सगळी गल्ली घाटावर नजर ठेवून होती. आमचं आयुष्य घाटाकडे बघण्यात गेलं आहे. पाणी तिकडूनच यायचं. तांबडं व्हायचं, त्यात झाडांचा पाला यायचा, मग एकेक पायरी चढायचं, माणसाला वेळ द्यायचं. धरण झाल्यापासून नदीची चाल बदलली हे सगळे म्हणायचे, पण म्हणणं वेगळं आणि मानेला वळण लागणं वेगळं. मान घाटाकडेच वळायची.

सकाळी नवरा म्हणाला, "घाटावर पाणी पाहून येतो," आणि गेला.

मी गल्लीच्या तोंडाशी नळावर पाणी भरत होते तेव्हा एक ट्रॅक्टर नाल्याच्या बाजूने आला. ट्रॉलीवर ताडपत्री घट्ट बांधलेली. समोर, ड्रायव्हरच्या बाजूला माझा राखीचा भाऊ बसलेला. मी पाण्याचा गुंड बाजूला ओढून वाट दिली. त्याने हात जोडले, नेहमीसारखे.

"झाला का सैपाक, बाई?"

"होऊन राहिला. भाऊ, पाणी कसं दिसते वरून?"

"पाहू ना," तो म्हणाला. "नदी तर अजून खालीच हाय."

ट्रॅक्टर चढावर गेला. मी घरी आले, भात उतरवला आणि मागावर बसले. थोड्या वेळाने आसगावला दिलेल्या माझ्या मुलीचा फोन आला. ती घाबरलेली होती. "आई, आमच्या धानाच्या बांध्यांत मागून पाणी शिरलं. नाल्यातून उलटं चढून राहिलं. नदी पाणी घेतच नाही म्हणते सप्पा लोकं. तू ताणा नेला का वर?" मी म्हटलं, आता नेतील. फोन ठेवल्यावर मला काळजी वाटायला पाहिजे होती. वाटली नाही. उलट बरं वाटलं की नाल्याची गोष्ट आहे, तर भावाला गच्चीवरून दिसलीच असेल.

नवरा आला तेव्हा त्याच्या खांद्यावर, केसांत बारदानाचा भुसा होता. अंग घामाने भिजलेलं. घाटावर उभं राहून एवढा घाम कसा येतो, हे मी विचारलं नाही. त्या दिवशी सगळेच काही ना काही उचलत होते. तो गटागटा पाणी प्यायला आणि मागाकडे न बघता म्हणाला, "चाल, आपणच उचलू ताणा. शाळेत नेऊन ठेवू."

"शाळेत? लोकाईच्या पायाखाली? भाऊ येईन ना."

"येईन तवा येईन. तू ऊठ."

"आजपर्यंत कधी नाही आला का? पंधरा दिवस नाही झाले राखीले. तुमाले काय झालं आज?"

तो दारात जाऊन बसला, पाठ माझ्याकडे करून. मी धोटा फेकत राहिले.

बाहेर आवाज झाला म्हणून उठून बघितलं तर समोरच्या बाईचा राखीचा भाऊ आला होता. ताणा निघाला. त्यांच्यात माणूस कमी होतं म्हणून मीच रुळाच्या मागच्या टोकाला हात लावला आणि गल्लीच्या तोंडापर्यंत पोचवून आले. परत येताना तिसऱ्या मागाचाही ताणा निघालेला. ती बाई जाता जाता म्हणाली, "तुझा नाही आला का वो अजून?" मी हसून म्हटलं, "माझं माहेर डबल मजली हाय, त्याले उतराले वेळ लागते." ती हसली. मीही हसले. हे हसणं मला आजही आठवलं की स्वतःचा नाही, भावाचा राग येतो.

मी परत मागावर बसले. घर कोरडं होतं. दारासमोरची गल्ली कोरडी होती. ऊन चौकटीतून आत आलं होतं. आणि माझ्या पायांना गार लागलं.

खाली वाकून बघितलं तर खड्ड्यात पाणी. पावड्या बुडालेल्या. वरून एक थेंब आला नव्हता. जमिनीतून पाझरून, मागच्या नाल्याकडून, ते खड्ड्यात भरत होतं. निवळ पाणी. मी इतकी वर्षं नदीची ओळख सांगत आले, आणि ती माझ्या पायाखालून घरात आली. मी ओरडले. नवरा आला, त्याने बघितलं, आणि मागचं दार उघडलं तर नाला अंगणात उभा होता.

त्यानंतरचं सगळं भराभर झालं. खड्डा काठोकाठ भरला आणि पाणी जमिनीवर पसरलं. नवरा पाचरी ठोकायला लागला, पण लाकूड फुगलं होतं, पाचर हलेना. ताणा मागाला जखडलेलाच राहिला. तो म्हणाला, "काप." विळा घेऊन आला. मी त्याचा हात धरला. अजून मी दाराकडे बघत होते. गुडघ्याला पाणी लागलं तरी बघत होते. माणूस सापडला असता, दोघं सापडले असते तर अख्खा माग उचलून बाहेर काढला असता, पण तोवर गल्लीतली पुरुषमाणसं आपापली म्हातारी माणसं खांद्यावर घेऊन चढाला लागली होती. शेवटी नवऱ्याने मला दंडाला धरून ओढलं. माझ्या हातात फणीसुद्धा नव्हती. मागे वळून बघितलं तेव्हा विणलेला भाग पाण्यावर पसरला होता, काठ वर आलेला, स्वच्छ दिसत होता.

आम्हाला शाळेत ठेवलं. वर्गात बाक एकावर एक रचलेले, फळ्यावर कुठल्या तरी मास्तरांनी लिहिलेला पाढा तसाच. दुपारी खिचडी आली. वाढायला गावातली मोठी मंडळी होती, मोबाइलवर फोटो निघत होते, आणि त्यांच्यात माझा भाऊ होता. हातात पळी. मी रांगेत उभी होते, साडी कमरेपर्यंत ओली. माझ्या पुढे चार-पाच बायका राहिल्या असतील तेव्हा त्याने मला बघितलं. पळी शेजारच्याच्या हातात दिली आणि तो दुसऱ्या वर्गात गेला, पाणी कमी पडलं का बघायला.

तेव्हाही मला वाटलं, लाजला असेल. काही अडचण झाली असेल. मी त्याच्या वतीने कारणं शोधत होते! माणूस एवढा खुळा असतो.

पाणी उतरलं तसे आम्ही घरी गेलो. गाळ होता, वास होता, खड्डा काळ्या चिखलाने भरलेला. ताण्याचं म्हणाल तर रुळावर तो होता, पण हात लावला की लगद्यासारखा दबत होता. रेशमाचा लाल रंग सगळ्या सुतात उतरला होता. मागाचा एक खांब मुळातून चिरला होता, आडवं लाकूड वाकलं होतं. तो माग माझ्या आजेसासऱ्यांनी करवून घेतलेला. आता तसं जोडून देणारा सुतार आमच्या बाजूला राहिलेला नाही, हे मला माहीत होतं आणि नवऱ्यालाही. समोरच्या बाईचा ताणा त्याच दिवशी कुंकू लावून परत आला. मी तिच्या दारात गेले नाही. ती माझ्या दारात आली आणि माझ्यासोबत गाळ काढायला लागली.

दोन दिवस गाळ काढला. तिसऱ्या दिवशी मी हात धुतले आणि चढावर गेले.

दार भावाच्या बायकोने उघडलं. "या बाई, या," म्हणाली, पण उंबऱ्यातून बाजूला व्हायला तिला वेळ लागला. जिना समोरच आहे. वरच्या हॉलचं दार उघडं होतं आणि जिन्यावरूनच दिसत होतं: गाठोडी, बारदानात शिवलेली, भिंतीपासून भिंतीपर्यंत, वर छतापर्यंत. एक फाटलं होतं. त्यातून साड्या दिसत होत्या, करवतीच्या काठाच्या. नाल्याजवळच्या त्याच्या गोदामातला सगळा माल. सकाळी ताडपत्रीखालून माझ्यासमोरून गेला तो. मी त्यालाच वाट करून दिली होती.

तो मागच्या खोलीतून आला. हात जोडले.

मी म्हटलं, "भाऊ, काहून नाही आला?"

"बसा बाई. चहा घ्या."

"चहा नाही पायजे. तुले नाल्याचं पाणी दिसलं होतं. तुझं गोदाम सकाळीच खाली केलं तू. मले सैपाक झाला का म्हणून इचारलं. मी मागावर बसून तुझी वाट पाहून राहिली होती."

 मग त्याने जे सांगितलं ते अगदी शांतपणे, आवाज न चढवता सांगितलं, आणि मला आजही वाटतं की ते सांगताना त्याला सुटल्यासारखं झालं.

"बाई, मी तर सकाळीच जवाईबुवाले, तुमच्या घरच्याईले, सांगतलं होतं. म्हटलं, औंदा हॉलमध्ये जागा नाही, माल ठेवतो आहे, बाईले सांगा, दुसरीकडे पाहा. तेच तर होते ना गाठोडे चढवाले. हे सप्पा त्याईनंच रचले. मले वाटलं त्याईनं तुमाले सांगतलं असन."

त्याची बायको चहाचा कप घेऊन उभी होती. ती म्हणाली, "हो, बुवा होते. मीच पाणी देल्लं त्याईले."

मी त्या गाठोड्यांकडे परत बघितलं. नीट रचलेली होती, एकावर एक, फटीत फट न ठेवता. माझा नवरा कुठलीही गोष्ट तशीच रचतो. सरपणही.

भावाला मी तेव्हा एवढंच म्हटलं की राखी मी तुला बांधली होती, त्यांना नाही. सांगायचं होतं तर मला सांगायचं होतं, मी नळावर तुझ्यासमोर उभी होते. तो पुन्हा हात जोडायला लागला तशी मी निघाले.  वाटेत कोणीतरी विचारलं, घर पडलं का? मी म्हटलं, नाही, घर उभं आहे.

घरी आले तर नवरा घमेल्याने खड्ड्यात माती टाकत होता. चिखल काढून टाकलेला, आत विटांचे तुकडे आणि मुरूम. अर्धा खड्डा भरला होता. मला न विचारता.

"काय करून राहिले?"

"बुजवून राहिलो. आता कायले पायजे? साप-किडा बसते याच्यात."

मी म्हटलं, "हॉल भरलेला तुमाले माहीत होता."

त्याचं घमेलं हातातच राहिलं. त्याने विचारलं नाही की कुणी सांगितलं. इतकी वर्षं एका घरात राहिल्यावर माणसाचं खोटं आणि खरं दोन्ही तोंडावर कळतं. मला मात्र त्या सकाळी घामच तेवढा दिसला होता.

"मी म्हटलं ना तुले, चाल उचलू म्हणून," तो म्हणाला.

"काहून उचलू, ते सांगतलं का? भाऊ येत नाही, येवढे तीन शब्द. मी उठली असती. समोरच्या घरी ठेवला असता. पाय धरले असते कुणाचे. तीन शब्द जी."

त्याने घमेलं खाली ठेवलं. मग हात झटकत, माझ्याकडे न बघता म्हणाला, "सांगनारच होतो. पाणी प्यालो, सांगनारच होतो. मंग तू म्हटलं भाऊ येईन, अन मले वाटलं... जाऊ दे एकदाचा."

"काय जाऊ दे?"

"माग," तो म्हणाला. "तुझे बी गुडघे गेले, माझी कंबर गेली. तू आपल्या मनानं कधी सोडला नसता."

त्याच्या आवाजात राग नव्हता. माझ्या भल्याचंच काही केल्यासारखा तो बोलत होता, आणि त्याचंच मला सगळ्यात जास्त लागलं. दुकानदाराने माल वाचवला, त्याला निदान मी आडवी आले होते. माझ्या माणसाने दारात बसून, माझ्याकडे पाठ करून, पाण्याची वाट पाहिली.

मी भांडले नाही. लोकांना वाटतं मी फटकळ बाई, मी घर डोक्यावर घेतलं असेल.  संध्याकाळी मी त्याला भात वाढला, त्याने खाल्ला, आणि दुसऱ्या दिवशी उरलेला खड्डाही बुजला. पुढे त्यावर फरशी बसली. आता तिथे कूलर असतो. मी मुलीच्या घरी धानाच्या रोवणीला जाते, समोरच्या बाईला कांड्या भरून देते, आणि तिचा धोटा चालताना ऐकू आला की मागच्या खोलीत जाते.

पूर अजून येतात. नवरा आता पुराला घाबरत नाही. म्हणतो, आपलं आता भिजण्यासारखं काही राहिलं नाही. घोषणा झाली की पिशवी घेऊन तोच पहिला दारात तयार असतो. माझी काळजीही घेतो, हे खोटं कशाला बोलू? गुडघ्याला तेल लावून देतो, चढावर हात धरतो. पण तो घाटावरून येऊन म्हणाला की पाणी उतरलं, तर मी पायात चप्पल घालते आणि नाल्यावर जाऊन माझ्या डोळ्यांनी बघून येते.